प्रशिक्षक निवडणाऱ्याची निवड

चंदीगड विमानतळाचे नवे टर्मिनल 2015 मध्ये मोहालीच्या बाजूने सुरू झाले. हॉकी आणि क्रिकेटच्या स्टेडियमांसाठी ओळखल्या जाणाऱ्या मोहाली शहरात पंजाब एफसी या व्यावसायिक फुटबॉल क्लबचेही बिऱ्हाड आहे. बिऱ्हाड म्हणायचे कारण असे की क्लबची अकादमी मोहालीत असली, तरी इंडियन सुपर लीगच्या पहिल्या दोन हंगामांत त्याचे ‘घरचे’ सामने दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर, म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटरवर झाले. पंजाबचा फुटबॉल काही काल-परवाचा नाही. राष्ट्रीय फुटबॉल लीगचे पहिलेवहिले विजेतेपद (1996-97) फगवाड्याच्या जेसीटी कंपनीच्या संघाने सुखविंदर सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली जिंकले होते आणि 2011 मध्ये त्या कंपनीने संघच बंद केला. आजच्या पंजाब एफसीची मुळे मात्र मिनर्व्हा पंजाब या क्लबमध्ये आहेत. रडतखडत चाललेल्या संघाला नवा प्रशिक्षक कसा शोधावा, या प्रश्नाचा अभ्यास करायचा तर भारतात याहून बरे उदाहरण मला दिसत नाही, कारण या क्लबने घाईची आणि धीराची अशी दोन्ही धोरणे वापरून पाहिली आहेत.

मिनर्व्हाने 8 मार्च 2018 रोजी पंचकुल्यात चर्चिल ब्रदर्सला 1-0 असे हरवून आय-लीग जिंकली. प्रशिक्षक होते मणिपूरचे खोगेन सिंग. आघाडीला भूतानचा चेंचो ग्येल्तशेन खेळत होता. पुढच्या हंगामात चेंचो बंगळुरूला गेला, खोगेन यांच्या जागी उत्तर आयर्लंडचे पॉल मन्स्टर आले, तेही हंगाम संपण्याआधी गेले आणि विजेता संघ अकरा संघांत नववा आला. मग राउंडग्लास या उद्योगसमूहाने क्लबमध्ये पैसा घातला. पैसा आला, तरी प्रशिक्षकाची खुर्ची तापलेलीच राहिली. 2019-20 मध्ये यान लॉ, 2020-21 मध्ये मिडल्सब्रोचे माजी बचावपटू कर्टिस फ्लेमिंग, 2021-22 मध्ये अ‍ॅशली वेस्टवुड. वेस्टवुड यांनी याआधी बंगळुरूला दोनदा आय-लीग जिंकून दिली होती, पंजाबमध्ये त्यांना ते जमले नाही. यांपैकी कुणीही नालायक नव्हते. पण दर उन्हाळ्यात नवा माणूस, नवी खेळपद्धत, त्याच्या पसंतीचे नवे परदेशी खेळाडू, आणि हे सगळे अंगवळणी पडेपर्यंत हंगाम संपलेला. कुणाच्याही हातात एका हंगामापलीकडचे काही नव्हते.

2022 मध्ये ग्रीसचे स्टायकोस वेर्गेटिस आले. त्या हंगामात संघ 22 सामन्यांत 52 गुण मिळवून आय-लीग विजेता ठरला आणि गुणवत्तेवर सुपर लीगमध्ये बढती मिळवणारा पहिला क्लब झाला. एवढ्यावर गोष्ट थांबली असती, तर ‘शेवटी योग्य माणूस सापडला’ असे म्हणून आपण मोकळे झालो असतो. खरी परीक्षा पुढच्या हंगामात झाली. सुपर लीग सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झाली आणि पंजाबचा पहिला विजय डिसेंबरच्या मध्यावर, चेन्नईयनविरुद्ध आला. जवळजवळ तीन महिने विजयाविना गेलेल्या प्रशिक्षकाला भारतात सहसा नारळ मिळतो. वेर्गेटिस यांना तो मिळाला नाही. संघ बारा संघांत आठवा आला, बाद फेरीच्या शेवटच्या जागेपासून फक्त तीन गुण दूर. हंगाम संपल्यावर ते गेले आणि पानायोटिस डिल्म्पेरिस आले. तेही ग्रीकच, आणि हा योगायोग नव्हे. क्लबच्या फुटबॉल विभागाची सूत्रे निकोलाओस टोपोलियाटिस या तिसऱ्या ग्रीक माणसाकडे होती. प्रशिक्षक बदलला, पण त्याला निवडणारा, अकादमी आणि खेळाडू हेरण्याची पद्धत तीच राहिली. स्लोव्हेनियाचा आघाडीपटू लुका मायसेन दोन्ही प्रशिक्षकांच्या हाताखाली खेळला. टेकचम अभिषेक सिंग, मुहम्मद सुहैल, प्रमवीर सिंग ही अकादमीतून वर आलेली पोरे मुख्य संघात रुळली. 2024-25 मध्ये संघ दहावा आला, म्हणजे गुणतक्त्यात दोन पायऱ्या खालीच घसरला. तरीही डिल्म्पेरिस राहिले.

इथे माझे म्हणणे मांडतो. धडपडणाऱ्या संघाने प्रशिक्षक कोण हे ठरवण्याआधी निवडणारा कोण, त्याच्या हाती कुठले खेळाडू आहेत आणि तो किती काळ आपल्या निवडीच्या मागे उभा राहणार, हे ठरवावे. ही तीन उत्तरे नसतील, तर नामवंत प्रशिक्षकही वाया जातो. याचा पुरावा शोधायला मोहालीला जायचीही गरज नाही, पुण्याच्या बालेवाडीत तो सापडतो. एफसी पुणे सिटीने 2014 पासूनच्या पाच हंगामांत फ्रँको कोलोंबा, डेव्हिड प्लॅट, अँटोनियो हबास, रांको पोपोविच, मिगेल आंखेल पोर्तुगाल आणि फिल ब्राउन असे सहा परदेशी प्रशिक्षक आणले. मधल्या काळात प्रद्युम रेड्डी यांनी हंगामी कारभार पाहिला तो वेगळाच. पोर्तुगाल तर तीन सामन्यांत गेले. यात हबास यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. त्यांनी 2014 मध्ये कोलकात्याला पहिली सुपर लीग जिंकून दिली, 2016 मध्ये पुण्याला आले तेव्हा संघ सहावा राहिला, आणि 2019-20 मध्ये पुन्हा कोलकात्याला जाऊन त्यांनी पुन्हा लीग जिंकली. माणूस तोच, लीग तीच. फरक होता तो क्लबमध्ये. पुणे बाद फेरीत पोहोचले ते एकदाच, पोपोविच यांच्या 2017-18 च्या हंगामात. त्यानंतर त्यांनाही टिकवले गेले नाही.

2019 मध्ये पुण्याचा क्लब बंद झाला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. पुण्याचे बरेचसे खेळाडू आणि फिल ब्राउन तिकडे गेले. पहिल्याच हंगामात ब्राउन यांची उचलबांगडी झाली आणि संघ तळाला, 18 सामन्यांत अवघ्या 10 गुणांवर राहिला. मग 2020 च्या ऑगस्टअखेरीस मानोलो मार्केझ आले. निखिल पुजारी, आशिष राय, मोहम्मद यासिर हे पुण्याहून आलेले तरुण त्यांनी खेळवले, गोव्याच्या लिस्टन कोलासोला मोकळे सोडले, आकाश मिश्राला डावीकडे रुजवले. संघ पाचवा आला. बाद फेरी हुकली, पण मार्केझ यांना ठेवले गेले. 20 मार्च 2022 रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून हैदराबाद विजेते झाले. पुण्याने ज्यांच्यावर भरवसा ठेवला नाही, त्याच पोरांच्या हाती तो करंडक होता. पुणेकरांना हे वाचून आनंद होणार नाही, पण हिशेब तसाच आहे.

मुंबईचा हिशेब तर आणखी कडू. मुंबई एफसीने खालिद जमील यांना 2009 पासून सात वर्षे प्रशिक्षक म्हणून ठेवले. पैसा बेताचा, तारे नाहीत, खेळ रूक्ष, पण संघ दरवर्षी खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचत असे. 2016 मध्ये क्लबने वेगळी वाट धरली आणि खालिद आयझॉलला गेले. 2016-17 च्या हंगामात आयझॉल आय-लीग जिंकून गेले. त्याच हंगामात मुंबई एफसीने आधी संतोष कश्यप यांना आणले, मग मध्येच काढून स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन यांना आणले, आणि संघ शेवटचा येऊन खाली घसरला. क्लब त्यानंतर उभा राहिला नाही. ब्रुझोन मात्र बांगलादेशात बशुंधरा किंग्जकडे गेले आणि तिथे सलग पाच लीग विजेतेपदे जिंकली. एका हंगामात मुंबईने दोन माणसे अपयशी ठरवली आणि एकाला गमावले. त्यातले दोघे इतरत्र विजेते झाले. खालिद पुढे 2025 मध्ये भारताचे राष्ट्रीय प्रशिक्षक झाले.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की हंगामाच्या मध्यावर बदल करून संघ सावरल्याची उदाहरणेही आहेतच. आहेत. 2019 च्या डिसेंबरमध्ये ओवेन कॉइल चेन्नईयनकडे आले तेव्हा संघ तळाजवळ होता. तिथून त्यांनी तो अंतिम सामन्यापर्यंत नेला. चेल्सीने 2012 आणि 2021 मध्ये हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक बदलून चॅम्पियन्स लीग जिंकली. पण चेन्नईयनकडे वाल्स्किस आणि क्रिवेलारो हे दोघे दर्जेदार खेळाडू आधीपासून होते. गोल होत नव्हते म्हणून संघ हरत होता, खेळाडू नव्हते म्हणून नव्हे. कॉइल यांनी तालेवार संघाला खुला खेळ दिला. चेल्सीच्या खेळाडूंबद्दल तर बोलायलाच नको. म्हणजे बदल उपयोगी पडतो तो माल चांगला असून मांडणी चुकली असेल तिथे. आणि जिथे आकडेवारी मोठ्या प्रमाणात तपासली गेली, तिथे चित्र निराळे दिसते. डच अर्थतज्ज्ञ बास टेर वेल यांनी नेदरलँड्सच्या अव्वल लीगमधल्या 1986 ते 2004 च्या हंगामांचा अभ्यास केला. प्रशिक्षकाला काढल्यावर संघांची कामगिरी सुधारते हे खरे निघाले. पण तशाच घसरणीत सापडूनही ज्यांनी प्रशिक्षक ठेवला, तेही जवळपास तेवढेच सुधारले. कारण साधे आहे. ओळीने पाच सामने हरणाऱ्या संघाचे नशीबही वाईट असते, आणि वाईट नशीब फार काळ टिकत नाही. सहाव्या सामन्यात नव्या माणसाला श्रेय मिळते, ते बहुधा चेंडूचे असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. धीर हे आळसाचे गोंडस नाव होऊ शकते. सुपर लीगमध्ये तर ते सोपेच होते, कारण तिथे 2024-25 च्या हंगामापर्यंत खालच्या श्रेणीत जाण्याची भीती नव्हती. हे मान्य. पण पुण्यालाही ती भीती नव्हती, तरी धीर तिथे दिसला नाही. म्हणजे धीर आपोआप येत नाही, तोही कुणीतरी ठरवूनच ठेवावा लागतो. आणि ठेवलेला धीर तपासण्याच्या खुणा असतात. संघ गोलच्या संधी निर्माण करतो का, की केवळ नशिबाने बरोबरी साधतो? तेविशीच्या आतल्या खेळाडूंना मिळणारी मिनिटे वाढतात का? ड्रेसिंग रूम प्रशिक्षकाच्या मागे आहे का? निकाल वाईट आणि या तिन्हींची उत्तरेही वाईट असतील, तर काढावे, आणि लवकर काढावे. निकाल वाईट पण उत्तरे बरी असतील, तर थांबावे. पंजाबचा दहावा क्रमांक आणि अकादमीच्या पोरांची चढती कमान शेजारी ठेवून पाहिली, तर डिल्म्पेरिस यांना ठेवणे मला चूक वाटत नाही. 2024 मध्ये याच क्लबच्या तरुणांच्या संघाने रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग जिंकली होती. ती रांग मुख्य संघात यायला वेळ लागणार, आणि त्यांना ओळखणारा प्रशिक्षक हवा.

एक प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो बहुतेकांना पहिला सुचतो: प्रशिक्षक परदेशी की भारतीय? माझ्या मते हा प्रश्न चुकीच्या जागी विचारला जातो. खालिद जमील यांनी आयझॉलसारखा गरीब संघ विजेता केला, मानोलो मार्केझ यांनी तळाचा हैदराबाद. दोघांनाही खेळाडूंची जाण असलेला क्लब मिळाला, मार्केझ यांना पुरेसा वेळही. पुण्यात इंग्लंडचा, इटलीचा, स्पेनचा, सर्बियाचा असा सगळा नकाशा येऊन गेला, निकाल तोच. भारतीय क्लबांनी आपल्या प्रशिक्षकांना आशियाई महासंघाच्या प्रो डिप्लोमापर्यंत पोहोचायला मदत केली, तर पुढच्या निवडीची यादी तेवढी लांब होईल, इतकाच याचा संबंध.

2025 च्या जुलैमध्ये लीगच्या आयोजकांनी पुढचा हंगाम स्थगित केला, तेव्हा सगळ्याच क्लबांपुढे खर्च कापण्याचा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी मालकांना क्रीडा संचालकाचे, म्हणजे प्रशिक्षक निवडणाऱ्याचे, पद कापण्याचा मोह होऊ शकतो, कारण तो मैदानावर दिसत नाही. महाराष्ट्रात उद्या कुणी नवा व्यावसायिक संघ काढायला पुढे आले, तर त्यांना एवढेच सांगणे आहे: प्रशिक्षकाची जाहिरात देण्याआधी ते पद भरा, आणि त्या माणसाला निदान तीन हंगामांचा करार द्या.