कोश मांडीवर घेऊन वाचलेली हेरकथा

परक्या भाषेंतील व्याकरण समजतें, कायदा समजतो, फार काय वेदान्तहि समजतो. विनोद मात्र सर्वांच्या शेवटीं समजतो. ग्रॅहॅम ग्रीन या इंग्रज कादंबरीकाराची 'अवर मॅन इन हॅव्हाना' ही १९५८ सालची कादंबरी गेल्या पावसाळ्यांत आम्हीं हातीं घेतली, तेव्हां याचा पुरता प्रत्यय आला. आमचें इंग्रजी भाषान्तराच्या वाटेनें आलेलें; अन्वय लागल्याखेरीज पुढें जावयाचें नाहीं, ही संस्कृताध्ययनाची खोड त्यास जडलेली. पहिलीं चाळीस पानें कोश मांडीवर घेऊन वाचलीं व एकदांहि हसलों नाहीं. "आजोबा, विनोदी पुस्तक ना हें?" असें नातीनें विचारलें तेव्हां आम्ही ओशाळलों.

दोष कोशाचा नव्हता. कोल्हटकर-गडकऱ्यांच्या वाचनानें आमचा कान कोटीला व अतिशयोक्तीला सरावलेला. येथें अत्यंत विपरीत गोष्ट अगदीं साध्या, कोरड्या वाक्यांत सांगितलेली असते. हसूं शब्दांत नसून बोलणारा जें गाळतो त्यांत असतें, आणि गाळलेलें कोशांत सांपडत नाहीं.

कथानायक वर्मोल्ड हा क्यूबाच्या राजधानींत केर ओढणारीं विजेचीं यंत्रें विकणारा बेताचा व्यापारी. बायको सोडून गेलेली, मुलगी खर्चिक. तिला घोडा हवा! अशा वेळीं लंडनचें हेरखातें त्यास पगार देऊं करतें, व सांकेतिक लिपीसाठीं पुस्तक देतें तें लॅम्बच्या शेक्सपिअर-कथांचें, जें आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत शिकविलें! त्यास हेर मिळत नाहींत. म्हणून तो क्लबाच्या यादींतून नांवें उचलतो, त्यांचे पगार आपण घेतो, आणि आपल्याच यंत्राचे भाग मोठे करून काढलेलीं चित्रें गुप्त लष्करी बांधकामाचीं म्हणून पाठवितो. लंडन हादरतें.

कौटिल्यानें गूढपुरुषांत 'वैदेहकव्यंजन' सांगितला आहे, तो धंद्यांत खालावलेला व्यापारीच. परंतु बुद्धीबरोबर शुचिताहि त्याच्या अंगीं असावी, आणि तिघांचें म्हणणें जुळेल तेव्हांच विश्वास ठेवावा, असें तो बजावतो. लंडनच्या साहेबांनीं एकट्यावर भागविलें. ही केवळ कल्पना नव्हे. ग्रीन स्वतः दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश हेरखात्यांत होता. त्याच युद्धांत हुआन पुजोल नांवाचा स्पॅनिश गृहस्थ लिस्बनमध्यें बसून, आपण इंग्लंडांत आहों असें भासवून, जर्मनांना बातम्या पुरवीत होता. पुढें तो ब्रिटिशांस मिळाला, त्याच्या काल्पनिक साहाय्यकांची संख्या सत्तावीसपर्यंत गेली, व दोन्ही पक्षांनीं त्यास पदक दिलें! आणि कादंबरीनंतर चार वर्षांनीं, १९६२ सालीं, क्यूबांत खरोखरच क्षेपणास्त्रें सांपडलीं.

पुढें मात्र यादींतल्या नांवाचा खरा माणूस मरतो. येथें आम्हीं पुस्तक मिटलें. एके वर्षीं तपासणीसाठीं आम्हीं अवांतर वाचनाची वही अशीच भरली होती. कोणत्या विद्यार्थ्यानें कोणतें पुस्तक वाचलें, तें बहुतेक आमच्याच डोक्यांतून. शेरा उत्तम मिळाला. मग साहेबांनीं यादींतल्या एका मुलास उभें करून त्या पुस्तकाविषयीं विचारलें. मुलगा गरीब होता. तो गप्प राहिला, साहेबांकडे न पाहतां आमच्याकडे पाहत राहिला, आणि खोटें बोलल्याचा ठपका त्याच्यावर आला. आम्ही बोललों नाहीं. तो मुलगा आतां पन्नाशीचा असेल.

आठ दिवसांनीं पुस्तक पुन्हा उघडलें, या वेळीं कोशावांचून. वर्मोल्डचा जिवलग जर्मन डॉक्टर मारला जातो तें प्रकरण आम्हीं दोनदां वाचलें. तेथें हसवणाऱ्या लेखकाचा हात किती हलका पडतो, तें अन्वय लावीत बसणाऱ्यास दिसलें नसतें. शेवटीं लबाडी उघडकीस येते. शिक्षा केली तर खात्याचेंच हसें होणार, म्हणून लंडनचे अधिकारी वर्मोल्डला पदक देतात आणि नव्या हेरांना शिकविण्यासाठीं मास्तर नेमतात.

"मास्तर!" असें म्हणून आम्ही मोठ्यानें हसलों. नात धांवत आली. तिला तें समजावून सांगण्यांत पाव तास गेला. तोंवर आमचें हसूं ओसरलें होतें, आणि ती मात्र हसत होती.