स्टॉक फूटेजच्या फाईलचा आकार कमी करण्याची रीत

भातलावणी, ऊसतोड, मळणी, द्राक्षबागेची छाटणी अशा दृश्यांना जाहिराती व माहितीपट तयार करणाऱ्यांकडून मागणी असते. अशी दृश्ये आगाऊ चित्रित करून ऑनलाइन विक्रीसंस्थांकडे ठेवली जातात. त्यांस स्टॉक फूटेज म्हणतात. ती ४के चित्रणात, म्हणजे बहुधा ३८४० × २१६० पिक्सेलांत घेण्याचा प्रघात आहे. चित्रण उत्तम होते. परंतु फाईल पाठविण्याची वेळ आली म्हणजे खरी अडचण सुरू होते. खेडेगावात राहून हा जोडधंदा करणाऱ्याची निम्मी रात्र चार-सहा फायली अपलोड करण्यात जाते, आणि मध्येच वीज गेल्यास पुष्कळदा पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. मग घाईने फाईल वाटेल तशी लहान केली जाते व तपासणीत दृश्य नापसंत ठरते. ह्या दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत.

फाईलचा आकार पिक्सेलांच्या संख्येवर ठरतो असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो बिटरेट व कालावधी ह्या दोहोंवर ठरतो. दर सेकंदाचे मेगाबिट गुणिले सेकंद, भागिले ८, म्हणजे मेगाबाइट निघतात. २५ फ्रेमचे ४के दृश्य काहीही न दाबता साठविल्यास दर सेकंदास सुमारे ६२२ मेगाबाइट लागतील. २० सेकंदांस १२ गीगाबाइटांहून अधिक. तेव्हा सुटा कापूस जसा दाबून त्याची गाठ बांधावी लागते, तसे हे चित्रण दाबावेच लागते. प्रश्न एवढाच की, किती व कोणत्या पद्धतीने.

ॲपल कंपनीने २००७ साली आणलेल्या प्रोरेस पद्धतीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे दाबली जाते. तिच्या ४२२ एचक्यू प्रकारात वरील दृश्याचा बिटरेट सुमारे ७३७ मेगाबिट असतो. २० सेकंदांची फाईल १.८ गीगाबाइटांपर्यंत जाते. २००३ साली मान्य झालेल्या एच.२६४ पद्धतीत आधीच्या-नंतरच्या फ्रेमपासून जे निराळे असेल तेच मुख्यतः नोंदले जाते. १०० मेगाबिट बिटरेटने तेच दृश्य २५० मेगाबाइटांत मावते. अपलोडचा वेग ५ मेगाबिट असल्यास पहिल्या फाईलला सुमारे ४९ मिनिटे लागतात, दुसरीला सात मिनिटांहूनही कमी.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अनेक कॅमेरे मूळ चित्रणच एच.२६४ मध्ये १०० मेगाबिटांच्या आसपास करतात. त्याचे ७३७ मेगाबिटांत रूपांतर केल्याने कॅमेऱ्याने न टिपलेला तपशील निर्माण होत नाही. केवळ भार सातपट वाढतो. अशा दृश्यास मूळ बिटरेटइतका किंवा किंचित अधिक बिटरेट ठेवणे इष्ट. १० बिट चित्रण असेल, किंवा रंगांत बरेच फेरफार केले असतील, तर मात्र प्रोरेसचा खर्च सोसावा. संध्याकाळच्या आकाशात रंगांचे पट्टे उमटलेले दिसतात ते बहुधा ह्याच बाबतीतील काटकसरीमुळे. २०१३ साली आलेली एच.२६५ पद्धत आणखी कमी जागा घेते, परंतु ती स्वीकारली जाते की नाही हे त्या त्या संस्थेच्या नियमांत आधी पाहावे.

बिटरेटचा सर्वांत मोठा अपव्यय दाणेदारपणामुळे होतो, आणि त्याकडेच दुर्लक्ष होते. कमी उजेडात आयएसओ वाढवून घेतलेल्या दृश्यात बारीक दाणे सतत हलत असतात. डोळ्यांस ते फारसे जाणवत नाहीत. संगणकास मात्र प्रत्येक दाणा नवी हालचाल वाटतो व तो नोंदण्यात बिट खर्ची पडतात. म्हणून एक्सपोर्टपूर्वी दाणे हलक्या हाताने कमी करावेत. गाठ बांधण्याआधी सरकी काढावी लागते, तसेच हे. अति केल्यास पानांच्या शिरा व मातीचा पोत पुसला जातो. तिकाटण्यावर कॅमेरा स्थिर ठेवून घेतलेले दृश्य पुष्कळ कमी जागेत मावते. वाऱ्यावर डोलणारे ज्वारीचे शेत, पाऊस, पाटाचे उसळते पाणी, उफणणीत उडणारा भुसा ही दृश्ये मात्र अवघड. त्यांचा बिटरेट कमी केल्यास चौकोनी ठिपके दिसू लागतात. ह्यासाठी बदलता बिटरेट व दोन फेऱ्यांची एन्कोडिंग निवडावी. पहिल्या फेरीत दृश्य तपासले जाते आणि दुसऱ्या फेरीत जेथे हालचाल अधिक तेथे अधिक बिट दिले जातात. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण तो संगणकाचा.

काही उपाय व्यर्थ आहेत. व्हिडिओ झिप केल्याने जवळजवळ काहीच वाचत नाही, कारण तो आधीच दाबलेला असतो. ध्वनी काढल्याचा लाभ अल्प. न दाबलेल्या स्टिरिओ ध्वनीसही साधारण दीड मेगाबिटच लागतात. फ्रेमची संख्या बदलल्यास हालचालीत धक्के येण्याचा संभव असतो. उलट दृश्याच्या आरंभीची व शेवटची निरुपयोगी सेकंदे कापल्यास दर्जास बाध न येता भार तेवढ्या प्रमाणात उतरतो.

बिटरेट ठरविताना दृश्यातील सर्वांत अवघड पाच सेकंद निवडून तीन निरनिराळ्या बिटरेटने काढावीत, व ती पूर्ण आकारात मूळ दृश्याशेजारी ठेवून पाहावीत. फरक दिसू लागेल त्याच्या वरचा बिटरेट घ्यावा. प्रत्येक वेळी प्रत मूळ चित्रणावरूनच काढावी. दाबलेल्या प्रतीवरून पुन्हा प्रत काढल्यास दोष वाढत जातात. मूळ चित्रण दोन वेगळ्या डिस्कवर जपून ठेवावे आणि फाईल स्वीकारली गेल्यावरही ते पुसू नये.