बधिरांचे उभयविध संज्ञापन

बधिर व्यक्तींनी मुखाने बोलणे आणि हातांच्या खुणांनी बोलणे या दोन्ही मार्गांनी इतरांशी साधलेला विचारविनिमय म्हणजे उभयविध संज्ञापन होय. यात दोन भिन्न प्रकार मोडतात. पहिल्यात व्यक्ती प्रसंगानुरूप एका मार्गाकडून दुसऱ्याकडे वळते. उदा., ऐकू येणाऱ्या दुकानदाराशी ती वाणीने बोलते, तर बधिर मित्राशी खूणभाषेत. दुसऱ्या प्रकारात तोंडाने शब्द उच्चारीत असतानाच हातांनी त्या अर्थाच्या खुणा केल्या जातात. वरवर हे दोन्ही प्रकार सारखे वाटले, तरी भाषेच्या दृष्टीने त्यांत महत्त्वाचा फरक आहे आणि बधिरांच्या शिक्षणातील दीर्घ वादाचे मर्म पुष्कळसे या फरकातच आहे.

व्याप्ती : मराठीत दीर्घकाळ रूढ असलेली ‘मूकबधिर’ ही संज्ञा दिशाभूल करणारी आहे. बधिर व्यक्तीची वागिंद्रिये सामान्यतः निर्दोष असतात. वाणी ऐकूनच शिकली जात असल्याने जन्मतः ऐकू न येणाऱ्या बालकाला ती आपोआप अवगत होत नाही, एवढेच. म्हणूनच ‘कर्णबधिर’ ही संज्ञा आता अधिक वापरली जाते. भाषा अवगत झाल्यानंतर आजाराने, अपघाताने वा वार्धक्याने श्रवणशक्ती गेलेली व्यक्ती बहुधा स्पष्ट बोलू शकते, पण दुसऱ्याचे बोलणे तिला ऐकू येत नाही. जन्मबधिर व्यक्तीला उच्चार प्रयत्नपूर्वक शिकावे लागतात. स्वतःच्या आवाजावर स्वतःच्या कानाचे नियंत्रण नसल्यामुळे तिचे बोलणे परिचितांना समजते, तर अपरिचितांना ते अवघड जाते. भारतातील दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत वाणीच्या वारंवारतांसाठी ७० डेसिबल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती बधिर, तर ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेली व्यक्ती अल्पश्रवण मानली जाते. तथापि कोणती व्यक्ती कोणता मार्ग पत्करील, हे केवळ डेसिबलांवर ठरत नाही. बधिरत्व येण्याचे वय, आईवडिलांची भाषा, शाळेची पद्धती आणि सहवासातील माणसे हे घटकही तितकेच निर्णायक ठरतात.

ओष्ठवाचनाच्या मर्यादा : बोलणाऱ्या बधिर व्यक्तीला समोरच्याचे बोलणे ओठांच्या हालचालींवरून ओळखावे लागते. वाणीचे सर्व ध्वनी मात्र ओठांवर दिसत नाहीत. मराठीतील प, ब, भ, म यांच्या उच्चारात ओठ सारखेच मिटतात. घोषत्व, महाप्राणत्व आणि अनुनासिकत्व ही त्यांना वेगळी करणारी लक्षणे स्वरयंत्रात वा नासिकामार्गात घडतात. त्यामुळे ‘पान’, ‘भान’ व ‘मान’ हे शब्द ओठांवर जवळजवळ एकच दिसतात. क, ख, ग, घ हे वर्ण तर घशाजवळ उच्चारले जात असल्याने बहुतांशी अदृश्यच राहतात. ओष्ठवाचक उरलेला भाग संदर्भावरून भरून काढतो आणि त्यासाठी त्याला ती भाषा आधीपासून चांगली यावी लागते. म्हणजे प्रौढपणी बधिर झालेल्याला जे साधन उपयोगी पडते, ते भाषाच न शिकलेल्या बालकाला तितकेसे उपयोगी पडत नाही. अंधार, समोरच्याने फिरविलेली मान वा एकाच वेळी अनेकांचे बोलणे यांनीही ओष्ठवाचन खुंटते.

खूणभाषेचे स्वरूप : खूणभाषा म्हणजे हातवारे नव्हेत, किंवा बोलभाषेचे हातांनी केलेले भाषांतरही नव्हे. गॅलॉडेट महाविद्यालयातील विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकन खूणभाषेतील प्रत्येक खुणेचे हाताचा आकार, स्थान व हालचाल अशा अर्थहीन घटकांत पृथक्करण करता येते, असे दाखवून दिले. शब्द जसे वर्णांचे, तशा खुणा या घटकांच्या बनतात. पुढील संशोधनाने अन्य देशांच्या खूणभाषांनाही स्वतंत्र व्याकरण असल्याचे सिद्ध केले. भारतीय खूणभाषेत प्रश्नवाचक खूण सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. ‘तू कुठे राहतोस?’ या वाक्यातील खुणांचा क्रम ‘तू–राहणे–कुठे’ असा होतो. ‘मी तुला दिले’ आणि ‘तू मला दिलेस’ यांतील भेद मराठीत विभक्ती व क्रियापदाची रूपे दाखवितात, तर खूणभाषेत ‘देणे’ या खुणेची दिशा दाखविते. भुवया, मान व चेहरा यांच्या हालचालींनाही व्याकरणात स्थान असते. करपल्लवी, म्हणजे बोटांनी एकेक अक्षर दाखविण्याची रीत, ही खूणभाषेहून निराळी असून विशेषनामे व नवे शब्द यांसाठी ती पूरक म्हणून वापरतात.

इतिहास : सोळाव्या शतकात पेद्रो पॉन्से दे लेऑन या स्पॅनिश मठवासीयाने सरदार घराण्यांतील बधिर मुलांना बोलावयास शिकविले. हुआन पाब्लो बॉनेट याच्या १६२० मधील ग्रंथात वाणीच्या शिक्षणासाठीच करपल्लवीचा आधार घेतलेला आढळतो. वाणी व हात यांच्यात तेव्हा विरोध मानला जात नव्हता. पॅरिसमध्ये १७६० च्या सुमारास शाळा काढणारे आबे द लेपे यांनी विद्यार्थ्यांच्या खुणा स्वीकारल्या व त्यांना फ्रेंच व्याकरणाच्या प्रत्ययांसाठी रचलेल्या कृत्रिम खुणांची जोड दिली. याउलट, १७७८ मध्ये लाइपसिक येथे शाळा स्थापणारे सॅम्युएल हाइनिके यांनी वाणीलाच प्राधान्य दिले. अमेरिकेत टॉमस गॅलॉडेट व पॅरिसच्या शाळेतून आलेले बधिर शिक्षक लॉरां क्लेर यांनी १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे खुणांवर आधारलेली शाळा सुरू केली.

मिलान येथे १८८० मध्ये भरलेल्या बधिर-शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने या प्रश्नाला निर्णायक वळण दिले. बहुसंख्य प्रतिनिधी इटालियन व फ्रेंच होते आणि बधिर प्रतिनिधी जवळजवळ नव्हतेच. परिषदेने शुद्ध मौखिक पद्धतीच्या बाजूने कौल दिला. खुणा व वाणी यांच्या एकत्रित वापराने वाणी, ओष्ठवाचन आणि विचारांची सुस्पष्टता या तिन्हींची हानी होते, असे कारण तिने ठरावात नमूद केले. अनेक देशांतील वर्गांतून त्यानंतर खुणा हद्दपार झाल्या आणि बधिर शिक्षकांच्या नोकऱ्याही गेल्या. खुणा मात्र नाहीशा झाल्या नाहीत. वसतिगृहांत व खेळाच्या मैदानांवर मुले त्या एकमेकांना शिकवीत राहिली. अमेरिकेत एडवर्ड गॅलॉडेट यांनी वाणी व खुणा या दोहोंना स्थान देणाऱ्या मिश्र पद्धतीचा पुरस्कार केला. त्यांचे प्रमुख विरोधक, टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल, हे मौखिक पद्धतीचे कट्टर समर्थक होते. त्यांच्या आई व पत्नी दोघीही बधिर होत्या. व्हँकूव्हर येथे २०१० मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव नाकारून त्यांच्या दुष्परिणामांबद्दल खेद व्यक्त केला.

सर्वंकष संज्ञापन : केवळ मौखिक शिक्षणाने अनेक मुलांची भाषा अपुरी राहते, हे लक्षात आल्यावर १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बधिर शिक्षक रॉय होलकम यांनी सर्वंकष संज्ञापनाची कल्पना पुढे मांडली. श्रवणयंत्र, वाणी, ओष्ठवाचन, खुणा, करपल्लवी व लेखन यांपैकी ज्या मुलाला जे उपयोगी पडेल ते वापरावे, असे तिचे तत्त्व होते. ऑरिन कॉर्नेट यांनी १९६६ मध्ये योजलेली संकेतयुक्त वाणी हा याच काळातील आणखी एक प्रयत्न होय. ओठांवर सारखे दिसणारे ध्वनी तीत तोंडाजवळ धरलेल्या हाताच्या आकारांनी वेगळे दाखवितात.

सर्वंकष संज्ञापनाचे तत्त्व उदार असले, तरी वर्गात त्याला बहुधा एकाच वेळी बोलणे व खुणा करणे असे रूप आले. येथे एक मूलभूत अडचण आहे. अर्सुला बेलुगी व सुझन फिशर यांनी १९७२ मध्ये दाखविल्याप्रमाणे एक खूण करण्यास एका शब्दाच्या सुमारे दुप्पट वेळ लागतो. असे असूनही खूणभाषेतून आशय वाणीच्याच गतीने पोहोचतो, कारण ती दिशा, अवकाश व चेहरा यांचा एकसमयावच्छेदेकरून उपयोग करते. परंतु शब्दामागून शब्द उच्चारीत प्रत्येकाची खूण करावयाची झाल्यास एक तर बोलणे अडखळते किंवा खुणा गळतात. खूणभाषेच्या व्याकरणाला लागणारे तोंड व चेहरा तर उच्चारात गुंतलेले असतात. मार्मर व पेटिटो यांनी १९७९ मध्ये अशा शिक्षकांचे अध्यापन तपासले असता, तोंडाने इंग्रजी वाक्य पूर्ण होत असले, तरी हातांवरील वाक्यातून व्याकरणाचे अंश मोठ्या प्रमाणात गळालेले आढळले. ऐकू येणाऱ्या शिक्षकाला आपले वाक्य पूर्णच वाटते, पण विद्यार्थ्याला ते तुटक दिसते. आक्षेप दोन्ही मार्गांच्या वापराला नसून, दोन व्याकरणे एकाच श्वासात पूर्णपणे पाळता येतील या गृहीतकाला आहे. याच कारणास्तव स्वीडनने १९८१ मध्ये खूणभाषेला मान्यता देऊन बधिर मुलांसाठी खूणभाषा व स्वीडिश अशा द्वैभाषिक शिक्षणाचे धोरण स्वीकारले.

बधिर आईवडिलांची ऐकू येणारी मुले बोलता बोलता मधूनमधून समानार्थी खुणाही करतात. ही मिसळ स्वाभाविक असते. तीत प्रत्येक शब्दाला खूण जोडण्याचा अट्टहास नसतो.

सामाजिक बाजू : बोलू शकणाऱ्या बधिर व्यक्तीची स्थिती दुहेरी अवघड असते. तिचे बोलणे ऐकून लोक तिला ऐकूही येते असे समजतात व दुभाष्याची गरज नाकारतात. उलट, बधिर समाजातील काहींना तिचे बोलणे ऐकू येणाऱ्यांच्या अपेक्षांपुढील शरणागती वाटते. बाल्यापासून बधिर असलेल्या व ऑस्कर पारितोषिक मिळविलेल्या अभिनेत्री मार्ली मॅटलिन यांनी १९८८ च्या ऑस्कर समारंभात खुणांऐवजी तोंडाने नामांकने वाचली, तेव्हा त्यांच्यावर अशी टीका झाली होती. त्याच वर्षी गॅलॉडेट विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर आय्. किंग जॉर्डन हे पहिले बधिर अध्यक्ष नियुक्त झाले. एकविसाव्या वर्षी अपघातात श्रवणशक्ती गमावलेले जॉर्डन वाणी व खुणा दोन्ही वापरीत.

भारतातील स्थिती : २०११ च्या जनगणनेत भारतात श्रवणदोष असलेल्या सुमारे ५०·७ लाख व्यक्तींची नोंद झाली. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात बधिरांसाठी शाळा सुरू झाली. कलकत्त्याची शाळा १८९३ ची आहे. भारतीय शाळांत दीर्घकाळ मौखिक पद्धतीचेच प्राबल्य राहिले. स्वतः बधिर असलेले मदन वसिष्ठ यांनी जेम्स वुडवर्ड प्रभृतींसह १९७० नंतरच्या दशकात दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगलोर येथील खुणांचा अभ्यास केला. शब्दसंग्रहात प्रादेशिक भेद असले, तरी व्याकरण समान असल्याचे त्यातून व पुढे उल्रिके झेशान यांच्या संशोधनातून दिसून आले. त्यामुळे मराठी, बंगाली व कन्नड घरांतील बधिरांच्या बोलभाषा वेगळ्या असूनही खुणांच्या आधारे त्यांना परस्परांशी बोलता येते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय खूणभाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. या केंद्राचा शब्दकोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांनिशी प्रसिद्ध झाला व २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांवर गेला. २०१६ च्या अधिनियमाने संज्ञापनाच्या व्याख्येत खूणभाषेचा समावेश केला आहे.

अलीकडील विचार : अंतर्कर्णात शस्त्रक्रियेने बसविल्या जाणाऱ्या कॉक्लिअर इम्प्लांट या विद्युत् उपकरणामुळे अनेक मुलांना वाणी शिकणे पूर्वीपेक्षा सुकर झाले आहे. अशा मुलांना खुणा शिकविल्यास ती बोलण्याचा आळस करतील, ही भीती मात्र जुनीच आहे. २०१७ मधील एका अमेरिकन अभ्यासात खुणांविना वाढलेल्या मुलांची वाणी सरस आढळली. परंतु त्यातील खुणा वापरणाऱ्या मुलांना अस्खलित खूणभाषा मिळाली होती काय, असा आक्षेप घेतला गेला. २०१४ मधील दुसऱ्या अभ्यासात बधिर आईवडिलांकडून जन्मापासून खूणभाषा शिकलेल्या, इम्प्लांट केलेल्या पाच मुलांचे इंग्रजी ऐकू येणाऱ्या द्वैभाषिक मुलांच्या बरोबरीचे आढळले. हा नमुना लहान असला, तरी खूणभाषा वाणीला मारकच ठरते, या मताला तो छेद देतो.

अमेरिकेतील पाहण्यांनुसार ९० टक्क्यांहून अधिक बधिर बालके ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. अशा घरांत खूणभाषा कोणालाच येत नसते व बालकाला बोलभाषा ऐकू येत नसते. उपकरण वा उच्चारशिक्षण यांचे फळ मिळेपर्यंत भाषाग्रहणाची पहिली वर्षे निघून जातात. ती पुन्हा भरून काढणे कठीण असते. वाणी की खुणा, हा प्रश्न म्हणूनच दुय्यम ठरतो. बालकाला एखादी तरी भाषा लवकर व पूर्णपणे मिळणे ही पहिली निकड आहे. तो पाया असल्यास दुसरी भाषा तीवर उभी राहू शकते आणि मोठेपणी कोणाशी केव्हा बोलावे व केव्हा खुणा कराव्यात, हे त्या व्यक्तीला स्वतः ठरविता येते.