शेवटी उरते ती, आणि आधी मरतात त्या

हिंसक भयपटांतल्या स्त्रियांचा विषय निघाला की चर्चा लगेच शेवटी जिवंत राहणाऱ्या मुलीकडे वळते. कॅरल क्लोव्हर या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९८७ च्या एका निबंधात तिला ‘फायनल गर्ल’ असं नाव दिलं आणि १९९२ साली ‘मेन, विमेन अँड चेनसॉज’ या पुस्तकात हा विचार सविस्तर मांडला. त्यांचं म्हणणं असं, की थिएटरातली तरुण पोरं सुरुवातीला मारेकऱ्याच्या डोळ्यांनी पाहतात. पण शेवट येईतो ती त्या मुलीच्या बाजूची झालेली असतात. निरीक्षण मोलाचं आहे, त्यावर पुढे ढीगभर लिहिलंही गेलं. तरी मला वाटतं, अशा चित्रपटाची पारख तिच्यावरून करू नये. तिच्याआधी मरतात त्यांना दिग्दर्शकाने कसं वागवलं, ते पाहावं.

हिचकॉकच्या ‘सायको’मधली (१९६०) मॅरियन क्रेन घ्या. मालकाचे ४०,००० डॉलर घेऊन ती पळते, वाटेत पोलिसाला पाहून तिला घाम फुटतो, रात्री मोटेलवर तिला उपरती होते. परत जायचं ठरवून ती शॉवरखाली उभी राहते आणि मारली जाते. त्या प्रसंगाच्या चित्रीकरणाला सात दिवस लागले, रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं, हे किस्से चवीने सांगितले जातात. पण तो खून जिव्हारी लागतो, कारण तोवर चित्रपट तिचा असतो.

‘ब्लॅक ख्रिसमस’ (१९७४) हा बॉब क्लार्कचा कॅनडातला चित्रपट आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही. नाताळच्या सुटीत कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात अश्लील फोन येत असतात. एक मुलगी बेपत्ता होते. पोलीस ठाण्यावरचा हवालदार ते हसण्यावारी नेतो. नायिका जेस गरोदर आहे, तिला मूल नकोय आणि ते ती मित्राला तोंडावर सांगते; त्याच्या आदळआपटीने ती बधत नाही. शेवटपर्यंत तगून राहते ती हीच. म्हणजे ‘सोवळी मुलगी वाचते, बाकीच्या मरतात’ हा नंतर जगजाहीर झालेला नियम या प्रकाराच्या मुळाशी नव्हताच. बेपत्ता क्लेअरचं प्रेत मात्र माळ्यावरच राहतं. पोलीस माळा तपासतच नाहीत. तिचे वडील मुलीला शोधत आलेले असतात आणि ती त्याच छपराखाली असते. कोणत्याही सुऱ्यापेक्षा मला ही बेफिकिरी जास्त भयंकर वाटते.

तो नियम लोकांच्या डोक्यात बसला जॉन कार्पेंटरच्या ‘हॅलोविन’पासून (१९७८). सुरुवातीलाच कॅमेरा सहा वर्षांच्या मायकेलच्या मुखवट्याआडून त्याच्या बहिणीकडे पाहतो, आणि आपणही. पुढे अभ्यासू लॉरी वाचते, मित्रांत रमलेल्या तिच्या मैत्रिणी मरतात. असा काही धडा द्यायचा आपला हेतू नव्हता, असं कार्पेंटर सांगत आला. त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो तो सहलेखिका डेब्रा हिलमुळे. मुलींचे संवाद मुख्यतः तिचे. अ‍ॅनी आणि लिंडा थट्टा करतात, कुरकुरतात, एकमेकींना गोत्यात आणतात. त्या मेल्यावर रिकामं वाटतं. (लॉरी झालेली जेमी ली कर्टिस ही ‘सायको’तल्या जॅनेट लीची मुलगी.)

नक्कल करणाऱ्यांनी उचलला तो फक्त सुरा. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चे १९८० ते १९८९ या काळात आठ भाग निघाले, आणि त्यांतल्या किती बळींची नावं आठवतात ते चाहत्यांनीच सांगावं. पहिल्या भागातली मारेकरी एक आई होती, हेही पुष्कळांच्या लक्षात नसतं. सिस्केल आणि इबर्ट या समीक्षक जोडीने १९८० मध्ये टीव्हीवरचा एक अख्खा कार्यक्रम अशा चित्रपटांच्या निषेधाला दिला. ‘हॅलोविन’ची मात्र दोघांनीही वाखाणणी केली होती.

बाईच्या हाती लेखणी-कॅमेरा आला की सगळं पालटतं, असंही नाही. ‘द स्लंबर पार्टी मॅसकर’ (१९८२) स्त्रीवादी लेखिका रीटा मे ब्राऊन यांनी विडंबन म्हणून लिहिला, एमी होल्डन जोन्स यांनी दिग्दर्शित केला. तरी मुलींच्या आंघोळीचा ठरीव प्रसंग त्यात आहेच. कोराली फार्जा यांच्या ‘रिव्हेंज’मध्ये (२०१७) मात्र नजरच बदललेली दिसते. बलात्काराच्या वेळी कॅमेरा तिथे रेंगाळत नाही. दार ओढून घेऊन टीव्हीचा आवाज वाढवणाऱ्या दुसऱ्या पुरुषाबरोबर तो बाहेर येतो. गुन्ह्यातला वाटेकरी तिथे नेमका दिसतो.

त्याच वर्षी आपल्याकडे विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ आला. उसाच्या फडातलं एकाकी घर, गरोदर नेहा (पूजा सावंत), आणि मायेने घास भरवणारी तुळसाबाई (उषा नाईक). इथे भुतं घाबरवतात, पण जीव घेणारी माणसं घरचीच, मुलगी नको म्हणून हटून बसलेली. मेलेल्या कोण होत्या आणि का मेल्या, हेच या चित्रपटाचं कथानक. २०२१ मध्ये फुरियांनीच तो हिंदीत ‘छोरी’ नावाने पुन्हा केला. मला मूळचा जास्त आवडतो.

या सुटीत यांतला एकच पाहणार असाल, तर ‘ब्लॅक ख्रिसमस’ पाहा. मात्र १९७४ चाच. २००६ आणि २०१९ मध्ये त्याच नावाने आलेल्या नव्या आवृत्त्या सोडून दिल्यात तरी काही बिघडणार नाही.