स्फोटकांच्या विषावर जंतूंचा उतारा

मार्च १९९३ मधील मुंबईच्या बॉम्बस्फोटांनंतर आरडीएक्स हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचले. टीएनटी हे त्याच्याही आधीचे स्फोटक. ही द्रव्ये केवळ स्फोटानेच घात करतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात न फुटताही ती विषारीच असतात. दारूगोळा कारखान्यांचे सांडपाणी, लष्करी सरावाची मैदाने आणि महायुद्धांनंतर समुद्रात बुडवलेले बॉम्ब यांतून ती माती, पाणी व समुद्रतळाच्या गाळात उतरतात.

शरीरावर परिणाम

पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या कारखान्यांत टीएनटी हाताळणाऱ्या स्त्रियांची कातडी पिवळी पडे. काहींना यकृत बिघडून कावीळ झाली, काहींच्या शरीरात रक्त तयार होणेच मंदावले आणि अनेक जणी दगावल्या. आरडीएक्स जास्त प्रमाणात पोटात गेल्यास फिट येते. आयुष्यभर प्यायच्या पाण्यात या प्रत्येकाचे प्रमाण लिटरमागे २ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग!

जंतू काय करतात?

शेतकऱ्यांना खतामुळे परिचित असलेले नत्र या स्फोटकांत भरपूर असते आणि जिवाणूंनाही वाढीसाठी नत्र लागते. दूषित मातीत सापडलेल्या ऱ्होडोकॉकस या जिवाणूत आरडीएक्स फोडणारे एन्झाइम असल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले. आरडीएक्सचा रेणू एकदा फुटला की त्यातील नत्र हा जिवाणू अन्न म्हणून वापरतो.

टीएनटीचा गाभा मात्र चिवट असतो. जिवाणू सहसा त्याच्या बाहेरच्या भागात फेरफार करतात, गाभा तसाच राहतो. तयार झालेली नवी द्रव्येही निरुपद्रवी नसतात; परंतु मातीतील कुजलेल्या सेंद्रिय भागाला ती घट्ट चिकटून बसतात. आरडीएक्स मातीत फारसे धरून राहत नाही. जिवाणूंनी ते वेळीच फोडले नाही, तर पावसाच्या पाण्याबरोबर ते भूजलात जाते. म्हणून ‘स्फोटक नाहीसे झाले काय?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘त्याचे काय झाले?’ हेही तपासावे लागते.

शेणखताचा उपयोग

अमेरिकेत ओरेगॉन राज्यातील युमाटिला लष्करी कोठारात १९९२ साली दूषित मातीत शेण, लसूणघास, भुसा व बटाटे मिसळून कंपोस्टचे ढीग लावण्यात आले. चाळीस दिवसांत मातीतील टीएनटी किलोमागे १६०० मिलिग्रॅमवरून ४ वर आणि आरडीएक्स १००० वरून २ वर आले. जंतूंना अन्न, ओल व ऊब मिळाल्याचा हा परिणाम.

समुद्रतळाशी अशी सोय नसते. तरीही कॅनडातील हॅलिफॅक्सजवळच्या समुद्रात २१५ मीटर खोल गाळातून आरडीएक्स फोडणारे शेवानेला जातीचे जिवाणू मिळाले. ते थंडीत आणि प्राणवायू नसतानाही हे काम करतात. पण तेथे कामाचा वेग कमी पडतो. जर्मनीच्या समुद्रात सुमारे १६ लाख टन दारूगोळा पडून आहे. कील शहराजवळ पाण्यातील सुरुंगांशेजारी ठेवलेल्या शिंपल्यांच्या मांसात टीएनटीपासून बनलेली द्रव्ये आढळली. म्हणजेच अर्धवट बदललेले विष माणसाच्या ताटापर्यंत येऊ शकते. म्हणून जंतूंवर विसंबून न राहता जर्मनीने २०२४ पासून ल्यूबेक उपसागरातील दारूगोळा बाहेर काढण्याचा प्रयोग सुरू केला.

हे लक्षात ठेवा

पाणी उकळल्याने ही द्रव्ये जात नाहीत. त्यासाठी सक्रिय कोळशाची गाळणी लागते. जंतू मातीत मिसळलेले स्फोटक पचवतात, बॉम्ब निकामी करीत नाहीत. सरावाच्या मैदानाजवळ सापडलेला गोळा कितीही जुना व गंजलेला असला, तरी भंगार म्हणून उचलू नये. मुलांना दूर ठेवून पोलिसांना ताबडतोब कळवावे.