फवारणीच्या द्रावणाची तीव्रता : बाटलीवरील आकडा वाचूनच मात्रा ठरवा

मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांसारख्या रसशोषक किडींच्या व्यवस्थापनासाठी कडुनिंबावर आधारित कीटकनाशकांची शिफारस अनेक पिकांत केली जाते. ‘अझाडिरेक्टिन १५०० पीपीएम, ५ मिलि प्रति लिटर पाणी’ ही त्यांतील परिचित शिफारस होय. तथापि, बाजारात हेच कीटकनाशक ३०० आणि १०,००० पीपीएम तीव्रतेचेही मिळते. हवी ती बाटली उपलब्ध नसल्यास दुसरी घेतली जाते. मात्रा मात्र ५ मिलिच ठेवली जाते. चूक नेमकी येथेच घडते.

पीपीएम म्हणजे दशलक्ष भागांतील एक भाग. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. पाणी मिसळल्याने क्रियाशील घटक कमी होत नाही, तो केवळ अधिक आकारमानात विखुरला जातो. म्हणूनच पुढील सूत्र लागू पडते :

मूळ तीव्रता × घ्यावयाचे औषध = अपेक्षित तीव्रता × तयार द्रावण

वरील शिफारशीत १५०० पीपीएमचे ५ मिलि औषध १,००० मिलि द्रावणात जाते. १५०० × ५ ÷ १००० = ७.५, म्हणजेच पिकावर पडणाऱ्या द्रावणाची तीव्रता ७.५ पीपीएम असते. १०,००० पीपीएमच्या औषधापासून हीच तीव्रता मिळविण्यासाठी ७.५ × १००० ÷ १०,००० = ०.७५ मिलि प्रति लिटर पुरेसे होते. १५ लिटरच्या पंपासाठी पहिल्या औषधाचे ७५ मिलि, तर दुसऱ्याचे केवळ ११.२५ मिलि लागते.

दुसऱ्या बाटलीतूनही ७५ मिलि घेतल्यास द्रावण ५० पीपीएमचे होते. खर्च साडेसहा पटींहून अधिक वाढतो आणि कोवळी पाने करपण्याचा धोका संभवतो. याउलट, ३०० पीपीएमचे ५ मिलि प्रति लिटर वापरल्यास तीव्रता १.५ पीपीएम, म्हणजे अपेक्षेच्या एकपंचमांश राहते. कीड आटोक्यात येत नाही, औषध निकृष्ट असल्याचा समज होतो आणि फवारणीची योग्य वेळ निघून जाते.

पंपाची क्षमताही तपासावी. १५ लिटरसाठी मोजलेले ७५ मिलि औषध १६ लिटरच्या पंपात वापरल्यास तीव्रता सुमारे ७ पीपीएमवर येते. बाटलीच्या झाकणाने अंदाजे माप घेण्याऐवजी खुणा असलेले मोजपात्र वापरावे. ११ मिलिसारख्या अल्प मात्रेसाठी बारीक खुणांचे पात्र आवश्यक ठरते. पंपात प्रथम निम्मे पाणी घ्यावे, मोजलेले औषध मिसळून ढवळावे आणि नंतर खुणेपर्यंत पाणी भरावे.

गणिताने केवळ मात्रा निश्चित होते. संबंधित पिकासाठी व किडीसाठी त्या औषधाची शिफारस आहे किंवा नाही, हे लेबलवरूनच ठरते. बाटली बदलली, की लेबल नव्याने वाचावे आणि हिशेबही नव्याने मांडावा.