नामबंधू (भाग ७) : वसंत, वरचा आणि खालचा

आमच्या लहानपणीच्या वाड्यात दोन वसंत होते. एक माडीवर राहायचा, एक तळमजल्यावर. कुणी अंगणातून नुसतं ‘वसंताऽ’ अशी हाक मारली, की वरून आणि खालून एकदमच ‘ओ’ यायची. मग वाड्यानं आपला तोडगा काढला : वरचा वसंत आणि खालचा वसंत. पुढे वरच्या वसंताच्या घरच्यांनी गावाबाहेर बैठं घर बांधलं आणि ते तिकडे राहायला गेले, तरी तो ‘वरचा’च राहिला. त्याचं आडनाव लग्नपत्रिकेतच काय ते वाचलं.

गेल्या आठवड्यात आपण ‘विजय’ पाहिले. मर्चंट, हजारे, तेंडुलकर अशी आडनावं उच्चारली की तिथं माणूस लगेच समोर उभा राहतो. वसंताचं काम इतकं सरळ नाही. विसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात वसंत इतके झाले, की वरचा-खालचा करायच्या जेवढ्या म्हणून युक्त्या मराठीत आहेत, त्या सगळ्या या एका नावावर वापरून झाल्या. कुणाला ‘राव’ लागलं, कुणाला ‘दादा’. कुणाची आद्याक्षरं झाली, कुणाच्या नावात वडील कायमचे येऊन बसले. हे शेपूट नुसतं ओळख पटवायला लावलेलं नसतं. लोकांनी त्या माणसाला आपल्यापासून किती अंतरावर ठेवलं, हेही त्यावरून कळतं.

तीस वर्षांचा मोसम

आधी जन्मसालं पाहू. संगीतकार वसंत देसाई १९१२चे, वसंतराव नाईक १९१३चे, वसंतदादा पाटील १९१७चे, गायक वसंतराव देशपांडे १९२०चे. कवी वसंत बापट १९२२चे, वसंत सबनीस १९२३चे, व्यंगचित्रकार वसंत सरवटे १९२७चे. पुढे व. पु. काळे, वसंत गोवारीकर, सात कसोटी सामने खेळलेले पुण्याचे जलदगती गोलंदाज वसंत रांजणे. या रांगेच्या शेवटी १९४२चे कवी वसंत आबाजी डहाके. म्हणजे साधारण तीस वर्षांचा हा मोसम.

त्याआधीच्या पिढीच्या नावांत विष्णू, गोपाळ, महादेव, गणेश असे देव होते. आजोबांचं नाव नातवाला आणि कुलदैवताचं नाव कुणा तरी एका मुलाला, हा रिवाज होता. वसंत हे नाव या हिशेबात बसत नाही. ते ऋतूचं नाव. ऋतूला जात नाही, पंथ नाही, गाव नाही. म्हणून ते कोकणातल्या सोनवड्यात ठेवलं गेलं, सांगलीजवळच्या पद्माळ्यात ठेवलं गेलं आणि पुसदजवळच्या गहुलीत, बंजारा समाजातल्या नाईकांच्या घरीही ठेवलं गेलं. मुलाच्या नावावरून घराणं ओळखायची सवय असलेल्या समाजात हे नवंच होतं.

रेडिओवरचे तीन वसंत

सगळ्यात मोठा घोळ संगीतात. मराठी गाण्यांचा कार्यक्रम लागलेला असावा, निवेदकानं ‘संगीत, वसंत…’ म्हणून किंचित श्वास घ्यावा, आणि ऐकणाऱ्यानं तेवढ्यात मनात पैज लावावी : देसाई, पवार की प्रभू?

गाणं सुरू झालं की पैजेचा निकाल लागायचा. वसंत देसाई प्रभात कंपनीत घडलेले. रागदारीचा पक्का पाया आणि मोठा वाद्यमेळ, ही त्यांची खूण. शांतारामबापूंच्या ‘अमर भूपाळी’चं आणि ‘झनक झनक पायल बाजे’चं संगीत त्यांचं, अत्र्यांच्या ‘श्यामची आई’चंही त्यांचंच. ‘गूँज उठी शहनाई’साठी त्यांनी बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई पडद्यावर आणली. ‘दो आँखें बारह हाथ’मधली त्यांची प्रार्थना शाळांच्या परिपाठात जाऊन बसली आणि ती कुणाची हे विचारायचंच लोक विसरले. १९७५च्या डिसेंबरात लिफ्टच्या अपघातात ते गेले.

पहिल्या चार ठेक्यांत ढोलकी कडाडली तर ते वसंत पवार. ‘सांगत्ये ऐका’ १९५९चा. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो अडीच वर्षांच्या आसपास मुक्कामाला होता. तमाशापटाची लावणी कशी वाजावी याचा नमुना त्या चित्रपटानं घालून दिला. पवार चाळिशी गाठायच्या आतच, १९६५मध्ये गेले.

आणि ढोलकीही नाही, भला थोरला वाद्यमेळही नाही, एखादी लेक सासरी निघाल्यासारखी चाल हळू पावलांनी आली, तर ते वसंत प्रभू. पी. सावळाराम यांचे शब्द, लता मंगेशकरांचा आवाज आणि प्रभूंची चाल हे त्रिकूट घराघरांत पोचलं. ‘शिकलेली बायको’, ‘कन्यादान’ यांसारख्या चित्रपटांना संगीत त्यांचंच. १९६८मध्ये तेही गेले.

तिघांपैकी कुणालाही ‘वसंतराव’ म्हणून लोकांनी ओळखलं नाही, आद्याक्षरंही लागली नाहीत. ते राहिले पाटीवरच्या आणि निवेदनातल्या नावासारखे, आडनावासकट पूर्ण. पडद्यामागच्या माणसाला मराठी माणूस मान देतो, पण घरातलं नाव देत नाही.

राव आणि दादा

आता दोन मुख्यमंत्री घ्या. वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ सलग अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. ओठात पाईप, अंगात नेटका पोशाख, वकिलीचं शिक्षण. शेतीचा ध्यास असा, की दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या, असं ते शनिवारवाड्यासमोरच्या सभेत बोलून गेले होते, ही आठवण अजून सांगितली जाते. संकरित ज्वारीचा प्रसार, कृषी विद्यापीठं, १९७२च्या दुष्काळातली कामं आणि त्यातून आकाराला आलेली रोजगार हमी, हे सगळं त्यांच्या काळातलं. शेतकऱ्यांसाठी एवढं करूनही ते ‘राव’च राहिले. पाईप ओढणाऱ्या माणसाला ‘अरे दादा’ म्हणायला जीभ धजत नाही.

वसंतदादांचंही कागदोपत्री नाव वसंतराव. वसंतराव बंडूजी पाटील. पण २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून, तटावरून खंदकात उडी मारून, गोळी झेललेला माणूस फार काळ ‘राव’ राहू शकला नाही. पुढे सहकारी साखर कारखाना, धोतर आणि पांढरी टोपी, आणि शेताच्या बांधावर बसून ऊसदराची बोलणी. लोकांनी ‘राव’ काढून टाकलं आणि थोरल्या भावाचं नातं जोडलं. स्वतःचं शालेय शिक्षण जेमतेम झालेल्या दादांनी मुख्यमंत्री असताना १९८३मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिलं. त्या निर्णयाचे गुणदोष आपण अजून मोजतोय. पण राज्यातल्या किती घरांत पहिला इंजिनिअर त्या दारातून आला, हेही मोजायला हवं.

नाव एकच आणि खुर्चीही एकच. ‘राव’ म्हणताना माणूस दोन पावलं मागं उभा असतो आणि ‘दादा’ म्हणताना दोन पावलं पुढं येतो. दोघांच्या कारभारातला फरक लोकांनी तीन अक्षरांपुढच्या शेपटात सांगून टाकला.

आणखी एक वसंतराव आहेत, त्यांचं ‘राव’ मात्र वेगळ्या जातीचं. वसंतराव देशपांडे २ मे १९२० रोजी मूर्तिजापूरला जन्मले, म्हणजे खऱ्याखुऱ्या वसंत ऋतूत. पोरवयात भालजी पेंढारकरांच्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाले. पुढची कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात खर्डेघाशी केली आणि गाणं सांभाळलं. डिसेंबर १९६७मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आलं, तेव्हा खाँसाहेब आफताब हुसेन उभे करणाऱ्या या माणसाचं वय सत्तेचाळीस होतं. मैफलीतलं ‘राव’ अंतर ठेवणारं नसतं. पहिल्या रांगेतून ‘क्या बात है वसंतराव!’ अशी दाद गेली, की त्यातला आदर आणि सलगी वेगळी काढता येत नाही. नागपुरात मात्र रिक्षावाल्याला नुसतं ‘वसंतराव’ सांगून भागत नाही. नाटक बघायचं तर वसंतराव देशपांडे सभागृह, आणि कॉलेजात जायचं तर वसंतराव नाईक यांच्या नावाची शासकीय संस्था.

मागून घेतलेला वसंत

इथपर्यंतचे सगळे जन्मतः किंवा बारशापासूनचे वसंत. पण नाव इतकं गोड, की काहींनी ते आपण होऊन घेतलं. वसंत बापटांचं मूळ नाव विश्वनाथ वामन बापट. जन्म कऱ्हाडचा, २५ जुलैचा, म्हणजे ऐन पावसाळ्यातला. सेवादलाच्या कलापथकात डफावर थाप मारत गाणारा, पुढे विंदा आणि पाडगावकरांबरोबर गावोगाव काव्यवाचनं करणारा हा कवी ‘विश्वनाथ’ या भारदस्त नावानं मंचावर आला असता, तर श्रोते आधी मांडी सावरून बसले असते.

‘विच्छा माझी पुरी करा’चे लेखक वसंत सबनीस हे मूळचे रघुनाथ दामोदर सबनीस. १९६५मध्ये आलेल्या या वगानं दादा कोंडक्यांचा हवालदार घराघरांत नेला. ‘अशी ही बनवाबनवी’चे संवाद लिहिणारेही हेच सबनीस. आज तिशीतली पोरं त्या चित्रपटातली वाक्यं तोंडपाठ म्हणतात, पण ती ज्यानं लिहिली तो रघुनाथ की वसंत, याची त्यांना चौकशी करावीशी वाटत नाही.

त्याच काळात नाशिकला बसून वसंत कानेटकर ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहीत होते. त्यांचे वडील शंकर केशव कानेटकर, म्हणजे रविकिरण मंडळातले कवी गिरीश. वडिलांनी टोपणनाव घेतलं, मुलाला आयतंच कवीला शोभेल असं नाव मिळालं.

नावातले वडील

जिथं राव, दादा, आडनाव काहीच पुरेना, तिथं मराठीनं वडिलांना बोलावलं. व. पु. काळे म्हणजे वसंत पुरुषोत्तम काळे. पुरुषोत्तम काळे हे ललितकलादर्शचे नेपथ्यकार. मुलगा मुंबई महापालिकेत वास्तुविशारद होता, म्हणजे एक जण रंगमंचावरची घरं रंगवणारा आणि दुसरा खऱ्या घरांचे नकाशे पाहणारा. वाचकांनी दोघांची पहिली अक्षरं जोडून ‘वपु’ केलं. संस्कृतात वपु म्हणजे देह. लेखकालाही हा खेळ आवडला असावा, कारण त्यातूनच ‘वपुर्झा’सारखी शीर्षकं निघाली. एखाद्या लेखकाचं नाव उच्चारताना दर वेळी बापाचंही निम्मं नाव उच्चारलं जावं, याहून चांगलं पितृतर्पण कुठलं?

बांधकामाच्या धंद्यातला दुसरा वसंत म्हणजे सरवटे. व्यवसायानं स्थापत्य अभियंता. ‘ललित’मधल्या ठणठणपाळाच्या हातात भला मोठा हातोडा देऊन त्याला चेहरा दिला तो यांनी. आणि डहाक्यांनी तर वडिलांना आद्याक्षरातही दडवलं नाही. ‘वसंत आबाजी डहाके’ असं तिन्ही नावं मोकळी ठेवूनच ते लिहितात. साहित्य संमेलनाची अध्यक्षपदं पाहिली तर १९८८मध्ये ठाण्याला कानेटकर, १९९९मध्ये मुंबईला बापट आणि २०१२मध्ये चंद्रपूरला डहाके. एकाच नावाचे तीन अध्यक्ष, एक नाटककार आणि दोन कवी.

नाव वसंताचं, काम पावसाचं

शेवटचे वसंत या सगळ्यांत वेगळे, कारण त्यांनी दुसऱ्याच ऋतूचा हिशेब मांडला. डॉ. वसंत गोवारीकर २५ मार्च १९३३ला जन्मले. (वपुंची जन्मतारीखही २५ मार्चच, एक वर्ष आधीची.) अग्निबाणाचं घन इंधन हा त्यांचा विषय. १९७९पासून ते तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते, आणि एसएलव्ही-३ हे भारतीय प्रक्षेपक यान १९८०च्या जुलैत यशस्वी झालं ते त्यांच्याच कारकिर्दीत.

पण शेतकऱ्याच्या घरापर्यंत त्यांचं नाव गेलं ते पावसामुळे. १९८८पासून हवामान खातं मान्सूनचा अंदाज त्यांच्या पुढाकारानं तयार झालेल्या सोळा घटकांच्या प्रारूपावर देऊ लागलं. हिमालयातला बर्फ, ठिकठिकाणचं तापमान, हवेचा दाब, वारे, एल निनो अशा सोळा खुणा. त्यातल्या किती खुणा अनुकूल आणि किती प्रतिकूल हे पाहून जून ते सप्टेंबरचा देशाचा पाऊस सरासरीच्या किती टक्के पडेल ते सांगायचं. चौदा वर्षं गाडी बरी चालली. २००२ साली मात्र सरासरीइतका पाऊस सांगितला गेला आणि देशात दुष्काळ पडला. प्रारूप बदलावं लागलं. तरी पावसाच्या बातमीत टक्के ऐकायची सवय आपल्याला लागली, ती त्या प्रारूपाच्या काळातच.

वसंतराव नाईकांचा जन्मदिवस १ जुलै, आणि तोच महाराष्ट्राचा कृषिदिन. एका वसंताच्या जन्मदिवशी राज्य पेरणीकडे डोळे लावून बसतं आणि दुसरा वसंत पाऊस येणार का ते सांगायची खटपट करून गेला. बारशाच्या वेळी दोघांच्याही कानात फुलांचा ऋतू सांगितला होता, आयुष्य मात्र दोघांचंही आभाळाकडे बघण्यात गेलं. गोवारीकरांना लोकांनी ना ‘राव’ लावलं ना ‘दादा’. त्यांच्या वाट्याला ‘डॉक्टर’ आलं. ज्याच्यावर विश्वास टाकायचाय पण ज्याची भाषा आपली नाही, अशा माणसासाठी आपल्याकडे हाच एक मान शिल्लक उरतो.

आज बालवाडीच्या हजेरीपटात वसंत शोधून पाहा. बहुधा मिळायचा नाही. नाव सरलं, तसं त्याला वेगळं करण्याची गरजही सरली.

आमच्या वाड्यातला वरचा वसंत मध्यंतरी गेला. खालचा वसंत काठी टेकत आला होता, दाराशी खुर्चीवर बसून होता. कुणीतरी नव्या पिढीला त्याची ओळख करून देऊ लागलं, ‘हे खालचे वसंतकाका’. त्यानं हातानंच थांबवलं आणि म्हणाला, ‘आता नुसतं वसंत म्हटलं तरी चालेल.’

(पुढील आठवड्यात : माधव)